न सुटणारे घर

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच खेळ तयार केला. तो संगणकावर खेळायचा होता, कोड्यांचा होता आणि इतका लहान होता की ज्याला उत्तरे ठाऊक आहेत त्याचा तो चहा निवायच्या आत संपे. ज्याला ठाऊक नाहीत त्याला मात्र पंधरवडाही अपुरा पडे. खेळाचे नाव होते 'दिवेलागण'. त्याची पहिली परीक्षक मी होते आणि बराच काळ एकमेव परीक्षकही मीच होते. त्या खेळाचे गुणदोष मी जितक्या काटेकोरपणे तपासले तितक्या काटेकोरपणे पुढे शिक्षिका झाल्यावर एकही उत्तरपत्रिका तपासली नाही. हे प्रौढीने सांगत नाही. त्या काटेकोरपणाचे काय झाले हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहीत आहे.

आम्ही पनवेलमध्ये इस्राईल तलावापासून थोड्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एका लांब सज्जाला लागून ओळीने खोल्या होत्या. आमच्या शेजारी वनिताकाकू राहत. त्या मूळच्या बेलपाड्याच्या, आगरी. खाडीत जिताडा सापडला की त्यांच्या माहेराहून तो येई आणि त्याची एक तुकडी वाटीखाली झाकून आमच्याकडे पोहोचे. खवले असलेला मासा आम्हांला चालतो आणि कोळंबी चालत नाही, हे त्यांना आमच्या काही नातेवाइकांपेक्षा अधिक नेमके ठाऊक होते. सकाळी एसटी स्थानकावरच्या घोषणा ऐकू येत, दुपारी पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटे, आणि शुक्रवारी उन्हे उतरू लागली की आमच्या स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज सुरू होई. नारळाचे घट्ट दूध काढून आई त्यात मासे किंवा मटण शिजवी, बेदाणे भिजवून त्यांचे सरबत करी, आणि काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल घालून त्यात वाती सोडी. सूर्य मावळण्यापूर्वी तो दिवा लागला की शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार, लागला. त्यानंतर दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत घरातली कोणतीही वस्तू कामासाठी हलवायची नाही, दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही.

सर्वच बेने इस्राईल, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत हे इतके कडक पाळले जात असे समजू नये. आमच्याकडेही पूर्वी तसे नव्हते. माझ्या लहानपणी शुक्रवारी जेवणे झाली की वनिताकाकू सहज आत येत, गॅस बंद करत, ट्यूब घालवत आणि आईशी दोन शब्द बोलून जात. पपांचे बहुतेक मित्र इस्राईलला निघून गेले, प्रार्थनेला पुरेशी माणसे जमेनाशी झाली, तसतसे ते अधिक कडक होत गेले. जे थोडे उरले आहे ते तरी नीट राखावे, असा त्यांचा विचार असावा. आपण करायचे नाही ते दुसऱ्याकडून करवून घेणेही बरे नाही, असे त्यांनी एके दिवशी काकूंना अतिशय नम्रपणे सांगितले. शुक्रवारी दार लावलेले दिसले की येऊ नये. काकू म्हणाल्या, "बरं भाऊ. तुमचा देव, तुमचं दार." त्या रागावल्या नव्हत्या. त्या दिवसापासून मात्र त्या आल्या नाहीत.

आता त्या एका शुक्रवारविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून खेळ समजणार नाही. पपांची मोठी बहीण, एस्तेरआत्या, उरणजवळ करंज्याला एकटी राहत असे. ती निवृत्त परिचारिका होती. पपांची आई लवकर गेली, त्यामुळे त्यांना वाढवले ते हिनेच. ती आली की खारवलेल्या माशांचा वास पिशवीतून तिच्या आधी घरात येई, आणि पन्नाशीच्या पपांना ती अजून "केस कापलेस का नाही?" असे विचारी. त्या शुक्रवारी दिवा लागून थोडाच वेळ झाला होता. फोन वाजला. आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी होतो आणि फोन माझ्या सर्वांत जवळ, तिवईवर होता. पपांनी मान हलवून नको म्हटले. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. आई म्हणाली, "अहो, दुसऱ्यांदा वाजतोय." पपा म्हणाले, "शब्बाथ लागलाय हे ज्याला ठाऊक नाही त्याचा असेल. उद्या रात्री करेल." तो बराच वेळ वाजला. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि खरे सांगायचे तर आपण किती शहाण्यासारखे वागत आहोत याचा मला अभिमान वाटत होता.

शनिवारी सकाळी आत्याच्या शेजारच्या कोळणीने दार ढकलले तेव्हा ती खुर्चीत बसलेली सापडली. रिसीव्हर तिच्या मांडीत होता. तिचे हृदय थांबले होते. वेळेवर कोणी पोहोचले असते तर काही करता आले असते का, या प्रश्नावर डॉक्टरांनी "सांगता येत नाही" एवढेच उत्तर दिले. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा लागतो, तो मोडायचाच असतो, हे आमच्यातल्या लहान मुलालाही शिकवलेले असते. पपांना ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की फोन कोणाचा आहे. पुढे कित्येक दिवस आई ओळखीच्या प्रत्येकाला विचारत राहिली, "त्या शुक्रवारी तुम्ही फोन केला होता का?" एखाद्याने हो म्हणावे म्हणून ती विचारत होती. कोणी म्हटले नाही. पपांनी कोणालाच विचारले नाही.

पपा तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांची चित्रे काढणे हे त्यांचे काम. पुढे कारखान्याने माणसे कमी केली आणि त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यापूर्वीच ते संगणकावर चित्रे काढायला शिकले होते. कारखान्यातून निकालात काढलेला एक संगणक त्यांनी घरी आणला आणि त्यावर आधी चित्रे, मग पुस्तके समोर ठेवून आज्ञावली लिहिणे असे ते स्वतःच शिकत गेले. आई म्हणे, "नोकरी होती तेव्हा नटबोल्ट काढायचे. आता बसून घरं काढतात. विकत एक घ्यायचं म्हटलं तर तेवढं नाही काढत." पपा हसत आणि रेघ पुढे नेत. त्यांच्या कामाची एक सवय इथे सांगून ठेवते. ड्राफ्ट्समन एकदा काढलेली गोष्ट पुन्हा काढत नाही. एक बिजागरी नीट जमली की तीच उचलून दुसऱ्या चित्रात लावायची. त्यात वेळ वाचतो आणि मापेही चुकत नाहीत.

'दिवेलागण'चा नियम एका वाक्यात सांगता येतो, आणि हाच त्याचा पहिला गुण. पडद्यावर वरून पाहिलेले एक घर दिसते. सूर्य मावळेपर्यंत खेळणारा त्यातल्या वस्तू हलवू शकतो. दिव्यात तेल घालावे, माठ भरावा, खिडकी लावावी, अंथरूण सरकवावे. सूर्य मावळला की खेळणाऱ्याचा बाण पडद्यावरून नाहीसा होतो आणि त्याला फक्त पाहत राहावे लागते. मग घरातली रात्र आपली आपण घडत जाते. वारा सुटतो, मूल तहानेने उठते, पाहुणा येतो. आधी केलेली मांडणी योग्य असेल तर सर्व सुखरूप पार पडते आणि वर तीन तारे उगवतात. नसेल तर दिवा विझतो, मूल रडते, आणि घर पुन्हा सुरुवातीला येते. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की चांगले उदाहरण तेच, जे सोडवता सोडवता नियम शिकवते. पहिल्या घरात नुसता एक दिवा होता आणि त्यात तेल कमी होते. एक अक्षरही न वाचता मी नियम शिकले.

दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. खेळात काहीही लपवलेले नव्हते. रात्री जे घडणार त्याची कारणे दिवसाच समोर मांडलेली असत. तिसरा गुण आवाजांचा. पपांनी ते आमच्याच घरात टिपले होते: आमच्या माठाची झाकणी, आमच्या खिडकीची कडी, गिरणीचा पट्टा. दोषही होते, आणि ते मी रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून एकेक करून सांगत असे. ते पेन्सिल कानावर ठेवून ऐकत.

"सूर्य फार घाईत आहे, पपा. विचार करायला वेळच मिळत नाही."

"शुक्रवारी सूर्य घाईतच असतो, बाय. तुझ्या आईला विचार."

"मला मुळीच विचारू नका," आई आतून म्हणाली. "माझा सूर्य तुमच्या दोघांच्या आंघोळीत मावळतो."

"आणि चौथ्या घरातलं मांजर. कधी उजवीकडे जातं, कधी डावीकडे. तेवढ्यासाठी सगळं घर पुन्हा मांडावं लागतं."

"मांजर तसंच असतं."

"असू दे. कोड्यात नशीब नको. मग तो जुगार होतो."

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, विचार केला, आणि पुढच्या रविवारपर्यंत मांजर शहाणे झाले. आता ते नेहमी चुलीच्या उबेकडे जाई. सूर्यही थोडा सावकाश झाला. आपले म्हणणे ऐकले जाते आहे, याचे सुख मला त्या वयात किती झाले असेल ते सांगता येणार नाही. मी दोष शोधण्यात अधिकाधिक तरबेज होत गेले.

सहाव्या घरात वनिताकाकू होत्या. नाव दिलेले नव्हते, पण डोक्यावरून पदर घेतलेली, सज्जातून झपझप चालणारी ती रुंद आकृती दुसऱ्या कोणाची असणे शक्य नव्हते. तिचा नियम असा होता: घरातून आवाज आला आणि दार उघडे असले, की ती आत येते आणि आवाज करणाऱ्या वस्तूला हात लावते. त्या घरात एक आजारी म्हातारा झोपलेला होता. घड्याळाचे ठोके पडत, शेजारीण आत येऊन बोलू लागे आणि म्हातारा जागा होई. सूर्यास्तापूर्वी दार लावून घेणे, हे त्याचे उत्तर. काकूंना मी ते कौतुकाने दाखवले. त्या कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"म्हंजे मला भायेर ठेवायचा खेळ हाय का, भाऊ?"

"तसं नाही, वनिताताई. तो म्हातारा झोपलाय ना."

"झोपू द्या त्याला. पण मी येवढी जाडी नाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझा बापूस चित्रात तरी खोटं काढत नाय म्हणायचा, तर मला अशी काढली."

सगळे हसले. पपाही हसले, पण त्यांनी लगेच दुसरे घर उघडले.

शेवटचे घर त्यांनी मला पावसाळा संपता संपता दाखवले. ते पाहताक्षणी मी ओळखले. आमचीच बैठकीची खोली होती. टेबल, टेबलावर दिवा, त्याभोवती एक पुरुष, एक बाई, एक मुलगी. भिंतीलगत तिवई आणि तिवईवर फोन. पडद्याच्या कोपऱ्यात, दूर, एक लहान घर होते आणि त्यात एक लहान दिवा जळत होता. सूर्य मावळला, बाण नाहीसा झाला, फोन वाजू लागला. तिघांपैकी कोणी हलले नाही. फोन थांबला, आणि कोपऱ्यातल्या घरातला दिवा विझला. एवढेच. घर पुन्हा सुरुवातीला आले.

मी काही बोलण्यापूर्वी पपा म्हणाले, "हे सुटत नाही. मी सगळं करून पाहिलंय. रिसीव्हर काढून ठेवला तर आवाज येत नाही, पण तो दिवा विझतो. फोन टेबलावर आणून ठेवला तरी हात लावता येत नाही. घड्याळ मागं केलं तर सूर्य ऐकत नाही. खेळणाऱ्यानं सगळं करून पाहावं आणि त्याला कळावं की काही करता येत नव्हतं. तिथे खेळ संपतो."

"मग हा दोष आहे," मी म्हणाले. "उत्तर नसेल तर ते कोडं नाही."

"नसू दे."

त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. मला वाटले, ते अडले आहेत. गणितात मुलगा अडतो आणि 'हे सुटतच नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याला कोणीतरी सोडवून द्यायला हवे असते, अशी माझी शाळेतून आलेली पक्की समजूत होती. जो प्रश्न मांडतो त्याला उत्तर हवे असते. आज मला ठाऊक आहे की काही माणसे प्रश्न मांडतात ती उत्तर नाही याची खात्री करून घेण्यासाठी. पपांनी ते घर रेघारेघांनी, मापात बसवून, चारही बाजूंनी बंद केले होते, आणि त्या बंद घरात ते वर्षभरात प्रथमच थोडे निवांत बसले होते. मला ते दिसले नाही. मला फक्त एक न सुटलेले उदाहरण दिसले.

आठवडाभर शाळेतून आले की मी त्याच घराशी बसत असे. पद्धत माझी नेहमीचीच होती. घरातली प्रत्येक वस्तू क्रमाने घ्यायची, ती हलते का ते पाहायचे, हलवल्याने काय बदलते ते पाहायचे. टेबल, खुर्च्या, तिवई, खिडकी. शेवटी दार उरले. दार या कोड्याशी संबंधित नव्हते, कारण घरातली माणसे बाहेर जात नव्हती आणि बाहेरून कोणी येणार नव्हते. तरी क्रम सोडायचा नाही म्हणून मी त्यावर बाण नेला. ते हलले. पपांनी सहाव्या घरातली भिंत, दार, बिजागरी आणि बाहेरचा सज्जा जसेच्या तसे उचलून इथे लावले होते. आणि सज्जाबरोबर, त्यांच्या लक्षात न येता, सज्जात राहणारी शेजारीणही आली होती. मी दार हातभर उघडे ठेवले आणि सूर्य मावळू दिला.

मी ते कोणाला लगेच सांगितले नाही. रविवारपर्यंत थांबले. त्या दुपारी वनिताकाकू जिताड्याची वाटी परत न्यायला आल्या होत्या आणि आईने त्यांना बसवून घेतले होते. मी सर्वांना संगणकापाशी बोलावले. "शेवटचं घर सुटलं," मी म्हणाले. पपा म्हणाले, "सुटणार नाही ते." मी म्हणाले, "बघा तर." इतक्या वर्षांनंतरही, वर्गात एखादी मुलगी उत्तर आल्यावर हात उंच करून जागच्या जागी उड्या मारते तेव्हा मला तो माझा आवाज ऐकू येतो आणि मी त्या मुलीला विनाकारण थोडी उशिरा उठवते.

मी दार उघडले. सूर्य मावळला. बाण नाहीसा झाला. फोन वाजू लागला, तो आमच्याच फोनचा टिपून ठेवलेला आवाज होता. सज्जाच्या दुसऱ्या टोकाकडून ती रुंद आकृती झपझप आली, उघड्या दारातून आत शिरली आणि तिवईपाशी थांबली. फोनचा आवाज बंद झाला. कोपऱ्यातल्या घरातला दिवा जळत राहिला. पपांनी या घरासाठी शेवट असा लिहिलेलाच नव्हता. पण दिवा राहिला तर तारे उगवावेत, ही आज्ञा सर्व घरांना सारखीच होती. म्हणून वर तीन तारे उगवले आणि खाली अक्षरे आली: 'सुटले.'

पहिल्या हसल्या त्या वनिताकाकू. "बघा, शेवटाला मीच कामाला आली. जाडी काढली तरी."

मग त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिले. टेबल, तिवई, तिघे जण. त्यांचे हसणे हळूहळू ओसरले.

"हे तुमचंच घर हाय ना?" त्यांनी विचारले. त्या खुर्चीवर नीट बसल्या. "भाऊ, त्या दिवशी मला आयकू आला व्हता फोन."

पपांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "ऐकू आला होता?"

"आला ना. भिंत केवढी हाय आपली? लय वेळ वाजत व्हता. मी उठून सज्जात आली पण. दार लावलेलं व्हतं. म्हटलं, भाऊंनी सांगितलंय, जायचं नाय. आमी आपले परत गेलो."

"मग सांगितलं का नाही तुम्ही इतके दिवस?" आईने विचारले.

"काय सांगायचं, ताई? माणूस गेल्यावर?"

पपा उठले. त्यांनी काकूंना नमस्कार केला, म्हणजे नुसते हात जोडले, आणि सज्जात जाऊन उभे राहिले. काकू वाटी न घेताच गेल्या. मी संगणकासमोर होते, आणि ते तीन तारे कसे घालवायचे हे मला सुचेना, कारण पुढे काय घडावे हे पपांनी लिहिलेलेच नव्हते.

आत्याला काय झाले असते हे कोणालाच सांगता आले नसते. पण त्या दुपारपर्यंत आमच्या घरात एक वाक्य होते, आणि त्या वाक्यावर आम्ही तिघेही टेकून उभे होतो. काही करता येण्यासारखे नव्हते, हे ते वाक्य. मी ते खोटे ठरवले होते, तेही पद्धतशीरपणे, सर्वांना बोलावून. आणि फोनच्या सर्वांत जवळ जी बसली होती ती मीच होते.

पुढचे दोन दिवस पपा संगणकापाशीच बसून होते. बुधवारी मी शाळेतून आले तेव्हा शेवटचे घर बदललेले होते. जिथे दार होते तिथे सलग भिंत होती. भिंतीची जाडी, रेघेची जाडी, सर्व नेमके. त्यांनी मला बसवले आणि म्हणाले, "आता तपास."

मी तपासले. काहीच सुटत नव्हते. मी तसे सांगितले.

"आणखी काही दोष?" त्यांनी विचारले.

दोष होता आणि तो ढळढळीत होता. त्या खेळात मी जाणूनबुजून न सांगितलेला तो एकच दोष. सांगितला तो आईने. ती हात पुसत आमच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"दार नसलेलं घर काढलंत," ती म्हणाली. "ही तिघं आत गेली कुठून?"

"ते महत्त्वाचं नाही या कोड्यात."

"अहो, दार होतं आपल्याला." ती त्यांच्या पाठीमागूनच बोलत होती, चेहऱ्याकडे न पाहता. "तुम्ही लावलं होतं. मीही उठून उघडलं नाही. दुसऱ्यांदा वाजतोय एवढं म्हणाले आणि भात वाढत राहिले. भिंत काढली म्हणून माझं भात वाढणं पुसलं जातं का?"

पपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आई तिथेच उभी राहिली. मग तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "परत काढा ते. चांगलं दार आहे." मला वाटते, त्या दोघांमध्ये त्या शुक्रवारविषयी झालेले हे पहिले बोलणे होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण माठ भरू लागले. परत आले तेव्हा भिंतीत बिजागरी बसलेली होती. पुढच्या रविवारी जिताड्याची रिकामी वाटी पपा स्वतः काकूंकडे घेऊन गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तिथे काय बोलणे झाले ते मला कधीच कळले नाही.

संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या एका तरुणाने पपांना इंटरनेटवरचे एक संकेतस्थळ दाखवले होते. एकट्यादुकट्या माणसांनी तयार केलेले लहान लहान खेळ तिथे ठेवता येत आणि ते कोणालाही खेळता येत. त्या वर्षाच्या अखेरीस पपांनी 'दिवेलागण' तिथे ठेवला. सर्व काही मराठीत असल्यामुळे खेळणारे थोडेच होते, पण होते. कोणी चित्रांची स्वच्छ रेघ वाखाणी, कोणी खिडकीच्या कडीचा आवाज. मांजर हुशार आहे असे एकाने लिहिले, तेव्हा पपांनी माझ्याकडे पाहिले आणि कानावरची पेन्सिल थोडी उंच केली.

एका दुपारी एक मोठा अभिप्राय आला. त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिला होता, म्हणून त्यांनी मला तो वाचून दाखवायला सांगितले. लिहिणारा कोणी अनोळखी विद्यार्थी असावा. त्याने माझ्याचसारखे गुण आणि दोष वेगवेगळे केले होते. नियम एकच आणि स्पष्ट, हा गुण. सर्व कारणे डोळ्यांसमोर, हा गुण. सूर्य अजून थोडा घाईत आहे, हा दोष. मी मोठ्याने वाचत गेले आणि शेवटच्या परिच्छेदाची पहिली ओळ वाचून झाल्यावर पुढचे दिसले. थांबावे असे वाटले. पण पपा ऐकत होते आणि मधेच थांबणे म्हणजे सांगितल्यासारखेच होते. मी वाचले: शेवटचे घर ही या खेळातली सर्वांत मोठी उणीव आहे. आधीची घरे इतकी विचार करायला लावतात आणि शेवटी मात्र काहीच अडचण नाही. दार उघडे ठेवले की झाले. मला ते पहिल्याच प्रयत्नात सुटले. असा शेवट पुन्हा विचार करून कठीण करावा.

खाली गिरणी चालू होती.

"कठीण करता येईल," मी घाईने म्हणाले. "दारापुढं पडदा लावू. किंवा शेजारणीला ऐकायला कमी येतं असं करू. मग लगेच नाही सुटणार."

"नको," पपा म्हणाले. "त्याचं बरोबर आहे. सोपंच होतं ते."